दिल्लीची पोर्शे आणि म्हापशाचा नंबर: टोकन पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही म्हापशाजवळ राहता. दिल्लीतल्या एका डीलरकडे २०१७ ची पोर्शे ७१८ केमन दिसली आहे. पेट्रोल, मीटरवर १८,४०० किलोमीटर, मागणी ५८ लाख. आरसी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. डीलर म्हणतो, दोन लाख टोकन आज टाका, नाहीतर चंदीगडचं गिऱ्हाईक उद्या गाडी उचलतंय. आणि तुम्हाला ती चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, दारात हवी आहे. घ्यावी का?

मॉडेल म्हणून विचाराल तर माझं मत लगेच देतो: घ्या. दोन लिटरचं टर्बो इंजिन सीटच्या मागे, ३०० हॉर्सपॉवर, पीडीके हा पोर्शेचा ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे-मागे दोन डिक्या. या किमतीत रोज चालवता येईल अशी याहून चांगली स्पोर्ट्स कार मला माहीत नाही. पण ही विशिष्ट गाडी चांगली आहे का, हे मला पर्वरीच्या वर्कशॉपमध्ये बसून सांगता येणार नाही. डीलरने पाठवलेल्या व्हिडिओवरून जो सांगेल, त्याचं ऐकू नका. ओल्या फरशीवर उभी करून संध्याकाळच्या उजेडात शूट केली तर माझी वीस वर्षांची पिकअपसुद्धा देखणी दिसेल.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. १,९०० किलोमीटरवर बसलेल्या अनोळखी माणसाला कोणता पैसा, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कागदाच्या बदल्यात द्यायचा? गेली बावीस वर्षं मी जर्मन गाड्यांचं काम करतोय आणि परराज्यातून गाडी आणणाऱ्यांबरोबर जातोय. या काळात इंजिन खराब निघालं म्हणून रडलेली माणसं कमी पाहिली. कागद अडकला म्हणून रडलेली बरीच.

दिल्लीत गाड्या स्वस्त का, हे आधी बघू. एक कारण साधं आहे: अशा गाड्यांचा बाजार तिथे मोठा आहे, आणि दोन-तीन वर्षांनी गाडी बदलणारेही तिथे जास्त. दुसरं कारण प्रदूषणाचं. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेलं शिक्कामोर्तब यामुळे दिल्ली परिसरात डिझेल गाडीला दहा वर्षांची आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा आली. पुढे त्यात कोर्टाकडून बदलही होत गेले, पण डिझेलवाल्यांच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही. तिथल्या डिझेल एसयूव्ही वय वाढलं की भराभर बाहेरच्या राज्यांत जातात त्या म्हणूनच. तुमची गाडी पेट्रोल आणि २०१७ ची, म्हणजे तो प्रश्न तुमच्यापुढे नाही. उलट दिल्लीच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. मुंबईत किंवा आपल्याकडे किनाऱ्यावर आठ वर्षं काढलेल्या गाडीखाली जसा गंज दिसतो, तसा तिथे सहसा दिसत नाही.

आता मालक कोण, हे पाहा. जुन्या गाड्यांचे डीलर दोन प्रकारचे असतात. काही जण गाडी स्वतः विकत घेऊन उभी करतात. बाकीचे 'पार्क अँड सेल' करतात, म्हणजे गाडी मालकाचीच, डीलर फक्त जागा आणि गिऱ्हाईक देतो आणि मधलं कमिशन खातो. महागड्या गाड्यांमध्ये हा दुसरा प्रकार फार चालतो, कारण साठ-सत्तर लाख एका गाडीत अडकवायला कोणालाच नको असतं. त्यात गैर काही नाही. फक्त तुम्ही टोकन डीलरला देता आणि गाडी तिसऱ्याच माणसाची असते. त्या तिसऱ्याने मन बदललं तर?

१ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अधिकृत जुन्या वाहन विक्रेत्यांची तरतूद आली आहे. डीलरकडे परिवहन खात्याचं अधिकारपत्र असेल आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी ने ऑनलाइन केली असेल, तर गाडी विकली जाईपर्यंत कायद्याच्या नजरेत तो डीलरच मालक मानला जातो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: अधिकारपत्र आहे का, आणि या गाडीचा २९-सी झाला आहे का? हो असेल तर त्याची प्रत मागा. नाही म्हणाला म्हणून लगेच पळून जायचं नाही, पण मग मूळ मालकाशी थेट बोलणं झाल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे मी कागदांचा एवढा आग्रह का धरतोय ते कळेल. काही वर्षांपूर्वी फोंड्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकासाठी परराज्यातल्या एका डीलरकडे मी गाडी बघायला गेलो. गाडी अव्वल होती. मी हो म्हटलं, त्यांनी तिथूनच ऐंशी टक्के रक्कम भरली. आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. डीलर म्हणाला, लोन कधीच फिटलंय, बँकेचं पत्र चार दिवसांत देतो. लोन फिटलेलं नव्हतं. आमच्या पैशांतून तो ते फेडणार होता, आणि दरम्यान ते पैसे त्याने दुसऱ्या गाडीत घातले. गाडी माझ्या शेडमध्ये साडेपाच महिने ताडपत्रीखाली उभी. मालक दर रविवारी बायकोला घेऊन यायचे, स्टार्ट करायचे, दहा मिनिटं बसायचे आणि परत जायचे. कागद शेवटी आले, पण त्या रविवारांची मला अजून लाज वाटते. बोजा आहे हे मी पाहिलं होतं, तरी डीलरच्या शब्दावर गेलो.

म्हणून बोजा असेल तर नियम एकच: उरलेली कर्जाची रक्कम थेट बँकेच्या कर्ज खात्यात भरायची, डीलरच्या खात्यात नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आला की आरटीओत बोजा उतरवायचा, आणि मग पुढचं.

तुमच्या गाडीत आणखी एक गाठ आहे. आरसी कंपनीच्या नावावर आहे. दिल्लीकडे हे नेहमीचंच, धंद्याच्या खर्चात गाडी दाखवायची पद्धत. पण मग विक्रीवर सही करणारा माणूस कंपनीचा अधिकृत माणूस असला पाहिजे. संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, कंपनीचं पॅन, शिक्का, हे सगळं लागतं. कंपनी बंद पडलेली असेल किंवा दोन भागीदारांत कोर्टकचेरी चालू असेल, तर ती गाडी कितीही सुंदर असो, सोडून द्या. कंपनी चालू आहे की नाही हे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाच मिनिटांत कळतं.

आता नंबरचं. तुम्ही विचारलंय, 'वर्षभर दिल्लीचाच नंबर ठेवून चालवली तर चालेल ना?' हा गैरसमज गोव्यात घरोघरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांची मुभा आहे हे खरं. पण ती कोणाला? ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो तीच गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आला, त्याला. तुम्ही गाडी विकत घेताय. तुमच्या नावावर दिल्लीचा नंबर करायचा तर दिल्लीचा पत्ता दाखवावा लागेल. तो तुमच्याकडे नाही, आणि खोटा दाखवायच्या भानगडीत पडू नका. पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यांवर महागड्या गाड्या नोंदवून कर चुकवल्याचं प्रकरण २०१७ मध्ये केरळमध्ये गाजलं, भल्याभल्यांवर गुन्हे दाखल झाले. तेव्हा तुमच्यासाठी मार्ग एकच: दिल्लीतून एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना हरकत पत्र) आणि म्हापशात नवी नोंदणी. मधल्या काळात गाडी त्या कंपनीच्याच नावावर राहते. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने परराज्यातल्या विक्रीची सूचना ४५ दिवसांत द्यायची असते.

ही गोष्ट विकणाऱ्यालाही समजावून सांगा, कारण ती तुमच्या फायद्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी प्रत्यक्षात विकलेली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. हे ऐकल्यावर कागदाला टाळाटाळ करणारे मालकही सरळ होतात. शेवटी रात्री दोन वाजता कळंगुटच्या रस्त्यावर तुमच्या हातून काही झालं, तर समन्स त्यांच्या दारी जाणार असतं.

एनओसीसाठी फॉर्म २८ लागतो, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. हस्तांतरणासाठी २९ आणि ३०. एनओसी विशिष्ट कार्यालयाच्या नावे निघते, तेव्हा 'गोवा' एवढं सांगून भागत नाही. जीए-०३ म्हापसा, असं स्पष्ट सांगा. चुकून पणजीच्या नावे निघाली तर पुन्हा दिल्लीच्या वाऱ्या. थकलेली चलनं असतील तर ती भरेपर्यंत फाईल हलत नाही, आणि स्पोर्ट्स कारवर चलनं नाहीत असं मी अजून पाहिलेलं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज ऑनलाइन होतो आणि ओटीपी जातो आरसीशी जोडलेल्या मोबाईलवर. तो मोबाईल आज कोणाकडे आहे? कंपनीच्या गाडीत बऱ्याचदा तो जुन्या अकाउंटंटचा किंवा सोडून गेलेल्या ड्रायव्हरचा असतो. हा प्रश्न विचारल्यावर डीलर गप्प झाला तर समजा, काम अजून सुरूसुद्धा झालेलं नाही. माझ्या हातून गेलेल्या गाड्यांत एनओसीला कधी तीन आठवडे लागले, कधी तीन महिने. तुमच्या चवथीचं गणित यात कुठे बसतं ते तुम्हीच बघा.

म्हापशात पोचल्यावर गोव्याचा रोड टॅक्स भरावा लागेल. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, म्हणून पहिल्या खरेदीचं मूळ इन्व्हॉइस डीलरकडून आत्ताच मागून घ्या. ते नसलं की किंमत ठरवण्यावरून खिडकीवर वाद होतो आणि गाडी आणखी दोन आठवडे झोपते. आरसीची प्रत आणि इन्व्हॉइस घेऊन सौदा करण्याआधी म्हापशाच्या वाहतूक कार्यालयात जा, आकडा काढून घ्या आणि तो ५८ लाखांत मिळवा. मगच गाडी स्वस्त की महाग ते बोलू. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो म्हणतात ते खरं आहे, पण तो हिशेबात धरू नका. आला तर देवाची कृपा.

कराचं आणखी थोडं. जीएसटी कौन्सिलच्या डिसेंबर २०२४ च्या निर्णयानंतर जुन्या गाडीवर डीलरला १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. '५८ लाख प्लस जीएसटी' असं कोणी म्हणालं तर हसून फोन ठेवा. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून गोळा करायचा आयकर, मात्र लागू शकतो, इथे ५८ हजार. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, बुडत नाही. रोखीची भाषा निघाली तर साफ नाही म्हणा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे काय राहणार?

आता गाडीकडे वळू. इथे स्वतः जा किंवा माणूस पाठवा, मधला मार्ग नाही. डीलरचा 'दीडशे पॉइंट चेक' म्हणजे नवऱ्या मुलाच्या मामाने दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र.

मी गेलो की पहिला अर्धा तास बॉनेट उघडत नाही. चालू विमा पॉलिसी मागतो आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघतो. हा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. पहिल्याच मालकाकडे आठ वर्षं असलेल्या गाडीवर कधीच क्लेम झाला नसेल, तर ५० टक्के दिसायला हवा. शून्य किंवा २० दिसला आणि डीलर 'एक ओरखडा नाही साहेब' म्हणत असेल, तर मधे काहीतरी झालंय. पॉलिसी खंडित झाली असेल, हेही कारण असू शकतं. विचारायचं आणि उत्तराचा कागद मागायचा.

मग रंगाची जाडी. एक गोष्ट बरेच जण विसरतात: केमनचे दरवाजे आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे आहेत, बाकी बराच भाग स्टीलचा. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्तातलं मीटर दरवाज्यावर काहीच दाखवत नाही आणि माणूस समजतो की सगळं ठीक आहे. दोन्ही धातूंवर चालणारं मीटर न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनमध्ये दिसतो. एका गाडीत मी डावीकडून सुरुवात केली: ११८, १२४, १२१, ११५. उजव्या मागच्या फेंडरवर ३९०. त्याखालची पुट्टी कोणी केली तो कलाकार खरोखर मोठा असणार, डोळ्यांना तसूभर फरक दिसत नव्हता. पण दरवाज्याच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तडकलेला होता, म्हणजे दरवाजा एकदा उतरवून पुन्हा बसवलेला. एक पॅनल पुन्हा रंगवलं म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, दिल्लीच्या पार्किंगमध्ये बंपर रंगवणं आलंच. मला फक्त खांब, छताची कड आणि डिकीच्या तळाचे जोड कंपनीचे हवे असतात. तिथे हात लागलेला असेल तर परत फिरायचं.

पाण्यातली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. खालच्या हातभर पट्ट्यावर रंगाची सीमारेषा, गढूळ डाग किंवा कुबट वास असेल तर पुढे बघायचीही गरज नाही. मग बोट सीटच्या रुळात घाला आणि बघा माती लागते का. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या बंगल्यांच्या वसाहतींत पाणी शिरलं तेव्हा कोट्यवधींच्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेचं पाणी आलं. अशा गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात, आणि त्यातल्या काही चकचकीत होऊन भलत्याच राज्यात उगवतात.

मीटरचं काय? १८,४०० किलोमीटर खरे की नाही, हे गाडीचा कॉम्प्युटर सांगतो. पोर्शेच्या पिविस या तपासणी यंत्रावर इंजिन किती तास चाललं ते दिसतं. किलोमीटरला तासांनी भागा. शहरात चाललेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी वीस-पंचवीस येतो, म्हणजे तुमच्या गाडीचे तास साडेसातशे-नऊशेच्या आसपास हवेत. १,८५० तास निघाले तर सरासरी दहा, आणि मग ती गाडी एकतर आयुष्यभर ट्रॅफिकमध्ये उभी होती किंवा मीटर मागे फिरवलेलं आहे. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन लाल रेषेवर किती वेळा नेलं याची नोंदही असते. हा रिपोर्ट दिल्लीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून काढून घ्या. गाडी तिथे न्यायला डीलरने नकार दिला, तर नकार हाच तुमचा रिपोर्ट.

टायरवरचे चार आकडे बघा, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे आणि रबराने म्हातारे असतात. पोर्शेने मान्यता दिलेल्या टायरवर एन-शून्य, एन-एक अशी खूण असते. चार टायर बदलायचे असतील तर तेवढी रक्कम किमतीतून कापा. आणि खाली वाकून पुढच्या बंपरच्या दोन बाजूंच्या जाळीत टॉर्च मारा. मागे रेडिएटर असतात. तिथे पाचोळा साठतो, ओला राहतो आणि रेडिएटर हळूहळू खातो. दिल्लीत कमी, पण आपल्याकडे आणल्यावर दर पावसाळ्यानंतर हा पाचोळा तुम्हालाच काढायचा आहे.

पैशांचा क्रम मी असा ठेवतो. आरसी, विमा, इन्व्हॉइस, सर्व्हिस रेकॉर्ड आणि बोजाची स्थिती यांच्या प्रती आल्यावर, आणि कंपनीच्या माणसाशी बोलल्यावर, लहान टोकन. तुमच्या व्यवहारात पंचवीस-पन्नास हजार पुरे. सोबत लेखी, निदान ईमेलवर: तपासणीत नापसंत झाली तर इतक्या दिवसांत परत. तपासणी झाल्यावर मोठा हप्ता, पण एनओसीचा अर्ज दाखल झाल्याची पावती समोर ठेवून. एनओसी हातात आल्यावर उरलेली रक्कम, आणि ठरलेल्या किमतीतले निदान दहा टक्के म्हापशात नंबर पडेपर्यंत राखून. शेवटचं डीलर सहसा मान्य करत नाही. पाच टक्क्यांवर आला तरी चालेल. एकही रुपया मागे ठेवायला तयार नसेल, तर एनओसीनंतरच्या फोनला तो उत्तर देणार नाही हे गृहीत धरा.

भांडण झालंच तर दिल्लीला खेटे घालावे लागतील अशी भीती असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम पन्नास लाखांच्या वर असली की जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोग, म्हणजे तुमच्यासाठी पणजी. ही सोय आहे, पण तिच्या भरवशावर गाडी घेऊ नका. तारखा पडतात.

गाडी चालवत आणायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. मलाही ती ट्रिप आवडली असती. पण नाव बदलेपर्यंत पॉलिसी कंपनीच्या नावावर आहे. वाटेत ठोकली तर तुमच्या नुकसानीचा क्लेम अडणार. बंद ट्रकमधून आणा, वाहतुकीचा वेगळा विमा घ्या, आणि चढवताना मीटर, चारही बाजू आणि रिम यांचा सलग एक व्हिडिओ करायला सांगा. मोठे कॅरिअर बेळगावपर्यंत सरळ येतात, पुढे घाटाचं काय ते आधी ठरवा. पावसाळ्यात चोर्ल्यातून मोठी गाडी घालायला ड्रायव्हर कुरकुरतात. आंबोलीवरून सावंतवाडी, पत्रादेवी असं आलेलं बरं. उतरवताना दोन लांब फळ्या जवळ ठेवा. केमनचं नाक जमिनीपासून वीतभरही वर नाही. घाईत उतरवली की पुढच्या बंपरची खालची कड पहिल्याच दिवशी जाते.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून राहते: गाडी तुम्ही चालवणार की ठेवणार? ठेवणार असाल तर गोवा तिला मानवत नाही. जूनमध्ये बंद केली आणि चवथीला उघडली की सीटवर बुरशी, ब्रेक डिस्कवर गंज, आणि बॅटरी मेलेली. बॅटरी पुढच्या डिकीत आणि पुढची डिकी उघडते विजेवर. ही गंमत पहिल्यांदा झाली की माणूस घाबरतो. उपाय आहे, फ्यूजबॉक्समधून बाहेरची वीज देऊन झाकण उघडता येतं, पण त्यापेक्षा बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा एक ट्रिकल चार्जर भिंतीवर लावून ठेवा. टाकी भरलेली ठेवा, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि अर्ध्या टाकीत हवा जास्त. उंदरांचा बंदोबस्त करा, वायरिंगचा सगळ्यात महागडा शत्रू तोच. आणि घराच्या वाटेचा चढ आधी मोजा. चिऱ्यांच्या गडग्यातून आत वळणारी तुमची वाट तीव्र असेल, तर गाडी रस्त्यावरच राहील.

तुमच्या जागी मी असतो तर चवथ विसरलो असतो आणि दिवाळीचा विचार केला असता. आरसीवर बोजा नसेल किंवा तो थेट बँकेत फेडता येत असेल, कंपनी चालू असेल, ओटीपीचा मोबाईल मालकाच्या हातात असेल आणि पिविसचा रिपोर्ट जुळला, तर टॅक्स धरून जो आकडा येईल त्यातून निदान तीन लाख खाली येईपर्यंत बोललो असतो. यातल्या पहिल्या तीन अटींतली एक जरी पूर्ण झाली नाही, तर चंदीगडच्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा.

उद्या त्याला फोन कराल तेव्हा गाडीचे आणखी फोटो मागू नका, ते तो न मागताच पाठवेल. आरसीच्या दोन्ही बाजू, चालू पॉलिसीचं पहिलं पान आणि कंपनीत सही कोण करणार त्याचं नाव, एवढं मागा. संध्याकाळपर्यंत आलं तर मला कळवा, दिल्लीत पिविसवाला एक भरवशाचा मुलगा आहे माझ्या ओळखीचा.